वाटीस वाटी

बुधवार, ३० एप्रिल २०२५, रत्नागिरी

अक्षय्य तृतीया. सकाळी देवापुढे आंबा ठेवला, दुपारी आमरस-पुरीचा नैवेद्य झाला. संध्याकाळी भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला. सणाच्या शुभेच्छा दोन वाक्यांत आटोपून ती मुद्द्यावर आली. "मावशी, यंदा साखरांबा करायचाच आहे. पण गेल्या वर्षीसारखा नको. मला आजीचं माप ग्रॅममध्ये दे."

गेल्या वर्षीचा साखरांबा आठवला की माझा जीव खालीवर होतो. मीच तिला फोनवर सांगितलं होतं, किस आणि साखर समप्रमाणात घे. तिने काटा काढला, किलोभर किस घेतला, किलोभर साखर घातली आणि वीस मिनिटांनी गॅस बंद केला. बरणीत पाक पळत राहिला आणि तीन आठवड्यांत वर बुरशी धरली. परदेशात नोकरी सांभाळून, दोन तास उभं राहून, कैऱ्या किसून केलेला साखरांबा तिने कचऱ्यात ओतला. तिचं काही चुकलं नव्हतं. आईच्या वहीत "वाटीस वाटी" असं लिहिलेलं आहे, त्याचं मी "समप्रमाण" केलं. वाटीचं समप्रमाण वेगळं आणि काट्याचं वेगळं, हे मला सांगायला हवं होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, घनतेचा धडा दरवर्षी घेतला, आणि स्वयंपाकघरात तो लक्षात आला नाही.

वही काढली. वाटीही काढली. पितळेची, आतून कल्हई केलेली, बुडाला ठोक्यांनी आईचं सासरचं नाव घातलेली. आमटीला हीच, साखरेला हीच, मोरांब्याच्या फोडींनाही हीच. रिकामी वाटी ११२ ग्रॅम भरली. काठोकाठ पाणी घातल्यावर २७२. म्हणजे पाणी १६० ग्रॅम, आणि स्वयंपाकघरापुरतं पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. आईची वाटी १६० मिलिलिटरची. सत्तर वर्षं ही वाटी घरात आहे आणि तिच्यात किती मावतं हे आज पहिल्यांदा कळलं.

शनिवार, ३ मे

रायवळ कैऱ्या आणल्या, दोन किलो. साल काढली, किसल्या, कोयी बाजूला केल्या. किस भरला १ किलो २८० ग्रॅम. भाची कैऱ्या किती आणू म्हणून विचारेल तेव्हा हे सांगायचं: जेवढा किस हवा त्याच्या दीडपटीहून थोड्या जास्तच कैऱ्या घ्यायच्या.

मग वाटी. किस अलगद वाटीत पडू दिला, चमच्याने वरचा भाग सपाट केला: ७४ ग्रॅम. दुसऱ्यांदा आई भरायची तसा भरला, वाटी दोनदा ओट्यावर आपटून, वरून तळव्याने हलकेच बसवून: ९२. तिसऱ्यांदा अंगठ्याने दाबून भरला: ११८. वाटी तीच, कैरी तीच, हात बदलला की ४४ ग्रॅमचा फरक.

साखर मात्र हाताचं ऐकत नाही. सपाट वाटी चार वेळा भरली, चारही वेळा १३४ ते १३७ मध्येच. मी १३६ धरते. शीग लावून भरली तर १६० च्या वर जाते. आई साखर कधी शिगोशीग घ्यायची नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायची, हे मला पक्कं आठवतं.

आता गणित सोपं झालं. ९२ ग्रॅम किसाला १३६ ग्रॅम साखर, म्हणजे वजनात जवळजवळ दीडपट. आईच्या "वाटीस वाटी"त दीडपट साखर लपलेली होती. भाचीने किलोला किलो घातली तेव्हा तब्बल अर्धा किलो साखर कमी पडली. साखर कमी म्हणजे पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे बुरशीला मोकळं रान. बाजारच्या जॅमसाठी विरघळलेला घनांश कमीत कमी ६५ टक्के असावा असा आपल्याकडे नियम आहे. तो चवीसाठी तर आहेच, पण टिकण्यासाठी जास्त. तिने आणखी बराच वेळ आटवला असता तर कदाचित तरला असता, पण वहीत वेळ लिहिली होती वीस मिनिटं, आणि ती वेळ दीडपट साखरेची होती.

सोमवार, ५ मे

वहीची सुरुवातीची पानं वाचत बसले. वही १९५५ सालची. पहिल्या पानांवर शेर आणि तोळे, मधे कुठेतरी अचानक किलो आणि ग्रॅम येतात. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्या बदलाच्या खुणा आईच्या शाईत दिसतात. एका पानावर "साखर सव्वा शेर" खोडून वर "१ किलो १६५" लिहिलंय. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचे सव्वा शेर ११६६. तिने गणित बरोबर केलं होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने.

पण वाट्या तिने कधीच बदलल्या नाहीत. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, त्यातलीही मापं वाटी-चमच्यांतच. बायकांच्या हाताशी जे होतं तेच माप झालं, त्यात गैर काहीच नव्हतं. घराघरांत वाटी सारख्याच बेताची असायची आणि शिकवणारी शेजारी उभी असायची.

गुरुवार, ८ मे

हापूसची पेटी फोडली. पेटी डझनावर मिळते, पाककृतीत लिहितात "तीन मध्यम आंबे". मध्यम म्हणजे केवढा? माझ्याच पेटीत सर्वांत लहान १९८ ग्रॅम आणि सर्वांत मोठा २९० ग्रॅम निघाला. तीन लहान आणि तीन मोठे यांत पावणेतीनशे ग्रॅमचा फरक. मासिकांत आणि पुस्तकांत पाककृती लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आंब्याची संख्या लिहा, पण रसाचं वजन त्याखाली लिहा.

बारा आंबे एकत्र तोलले: २ किलो ८६० ग्रॅम. हाताने पिळून, कोय आणि साल नीट निपटून रस आला १ किलो ६४० ग्रॅम. उरलेला सव्वा किलो साल-कोयीत गेला. सरासरी एका आंब्याचा रस १३७ ग्रॅम.

रस वाटीत ओतला तर वाटी १७० ग्रॅमची झाली. पाण्यापेक्षा दहा ग्रॅम जड, कारण त्यात साखर आणि गर. रसात पोकळी नसते, त्यामुळे रसाच्या वाटीवर हाताचा फरक पडत नाही. पण त्याच आंब्याच्या सेंटिमीटरभर फोडी केल्या तर वाटीत जेमतेम ११० ग्रॅम बसतात, बाकी फोडींमधली हवा. फळाच्या मापाचं सगळं मर्म या हवेत आहे. किस, फोडी, काप, रस, अख्खं फळ, प्रत्येकाच्या वाटीत हवा वेगळी.

भाचीकडे ताजा हापूस नाही, ती ८५० ग्रॅमचा डबा आणते. तिच्यासाठी लिहून ठेवलं: एक डबा म्हणजे आजीच्या पाच वाट्या, म्हणजे साधारण सहा आंब्यांचा रस.

रविवार, ११ मे

रात्री दोन वाजता जाग आली ती एका शंकेने. वहीत ओळ अशी आहे: "किस वाफवून, साखर वाटीस वाटी." किस मोजायचा वाफवण्याआधी की नंतर?

पहाटे उठून ताज्या कैऱ्या किसल्या, अर्धा किस वाफवला. वाफवलेला किस बसतो, मऊ होतो, त्यातली हवा निघून जाते. त्याची वाटी भरली १३७ ग्रॅम. म्हणजे वाफवल्यावर मोजला तर वाटीस वाटी खरोखरच किलोस किलो! मग भाचीचंच बरोबर होतं आणि माझं सगळं गणित कोसळलं. तासभर मी ओट्यापाशी नुसती उभी होते. आई असती तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

मोठ्या मामींना फोन लावला. वय ८६, कान शाबूत, आवाज खणखणीत. "मामी, आई साखरांब्याचा किस कधी मोजायची? वाफवण्याच्या आधी की नंतर?"

"अगो, नंतर कसा मोजशील? गरमागरम किस वाटीत कोण भरत बसणार? परातीत किसणी, शेजारी वाटी. एक वाटी किस पातेल्यात, एक वाटी साखर ताटात. किसता किसताच मोजून व्हायचं. आम्ही दोघी मिळून करायचो. वाट्या मी मोजायचे, नाहीतर तुझी आई बोलण्यात चुकायची."

मी विचारलं, "किस दाबून भरायचात?"

"दाबून कशाला? वाटी आपटायची दोनदा."

दोनदा. तेव्हा मी परवा केलं ते बरोबर होतं, ९२ ग्रॅम. वहीच्या त्या ओळीत शब्दांचा क्रम उलटा पडला होता, एवढंच. आता तिथे पेन्सिलीने लिहिलं: "कच्चा किस, मामींनी सांगितलं." आणि हेही लिहिलं की किलोभर कच्च्या किसाला दीड किलो साखर.

गुरुवार, १५ मे

रतांबे आले. यंदा आभाळ सारखं भरून येतंय, आमसुलं वाळतील की नाही शंका आहे, म्हणून आधी आगळ घालायचं ठरवलं. वहीत माप: "रतांबे १ पायली, मीठ १ मापटं." इथे वाटीही नाही. पायली म्हणजे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. हा शेर मापाचा, वजनाचा शेर निराळा, नाव मात्र दोन्हींना एकच. आणि पायली तर गावोगाव वेगळी. आमच्या घरची पितळी पायली माळ्यावर होती. आजोबा भात मोजताना पहिल्या पायलीला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचे, ते आठवलं.

पाणी भरून पाहिलं, पावणेचार लिटर. मग रिकामी करून रतांबे भरले, काठाशी सपाट. वजन २ किलो २६० ग्रॅम. पावणेचार लिटरच्या भांड्यात सव्वादोन किलो फळ! उरलेली जागा कुठे गेली हे बघायचं म्हणून भरलेल्या पायलीतच मापाने पाणी ओतत गेले. रतांब्यांच्या फटींतून पाणी खाली उतरत होतं, बुडबुडे वर येत होते, लाल फळं पाण्यात अजूनच लाल दिसत होती. काठाला पाणी लागलं तेव्हा १ लिटर ४८० मिलिलिटर ओतून झालं होतं. म्हणजे पायलीच्या शंभर भागांतले जवळजवळ चाळीस भाग नुसती हवा होती.

गोल फळांचं असंच असतं. वाटाणा भरा, जांभळं भरा, रतांबे भरा, भांडं फळाच्या मानाने पुरेसं मोठं असलं तर पोकळी साधारण तेवढीच राहते. फळ लहान झालं की फटी लहान होतात, पण त्यांची संख्या वाढते. लहान वाटीत मात्र काठाशी आणखी जागा वाया जाते, म्हणून करवंदासारखं फळ वाटीने मोजू नये असं माझं ठाम मत झालंय. शिवाय गोल फळाची पायली सपाट करताच येत नाही. कोणी शीग लावतो, कोणी नाही, आणि रतांब्याची शीग सहज चारशे ग्रॅमची होते.

मापटंभर खडेमीठ ५१० ग्रॅम भरलं. वहीत नवीन ओळ: रतांबे सव्वादोन किलो, खडेमीठ अर्धा किलो. फोडून, बिया काढून, थरावर थर देऊन बरणीत घातले.

मंगळवार, २० मे

पावसाने झोडपायला सुरुवात केली आहे. अंगणातली आमसुलं रात्री तिसऱ्यांदा घरात ओढली.

बाहेर जाता येईना म्हणून वहीतली "लिंबाएवढी चिंच" तोलली. घरातलं लिंबू ३८ ग्रॅमचं होतं. त्याच्याकडे बघत चिंचेचे पाच गोळे केले: २६, ३४, २९, ३१, २८. वाटीहून हे माप फार वाईट नाही. आपल्याकडे फळ हेच माप असतं, सुपारीएवढा गूळ, आवळ्याएवढं लोणी, बोराएवढी गोळी. आयुर्वेदातही तसंच. शार्ङ्गधर संहितेत कोल म्हणजे बोर हे एक वजन आहे, कर्षाला अक्ष म्हणजे बेहडा असंही नाव आहे, आणि पलाला बिल्व आणि आम्र अशी नावं आहेत. आजच्या हिशेबात कोल सुमारे ६ ग्रॅम, कर्ष १२, पल ४८. चरकाच्या च्यवनप्राशात आवळे वजनाने नव्हे, मोजून पाचशे घ्यायला सांगितले आहेत. आणि ओल्या वनस्पती व द्रव पदार्थ यांचं माप सुक्याच्या दुप्पट धरायचं अशी परिभाषाही आहे. ओलं आणि सुकं एकाच मापाने मोजलं तर औषध बिघडतं, हे त्या लोकांनी नियम करून सांगितलं. आमच्या वहीत तेवढाच नियम राहून गेला होता.

रविवार, २५ मे

मान्सून तळकोकणात पोहोचला, बातमी सकाळीच आली. मे महिन्यात! उरलेला आंबा झाडावरच सडणार म्हणून आसपासच्या बागांत सगळे हळहळताहेत.

संध्याकाळी भाचीशी तासभर बोलले. तिच्याकडे कपांचा सेट आहे, त्यावर २४० मिलिलिटर छापलेलं. म्हणजे आजीची नेमकी दीड वाटी. हे ऐकून ती खूश झाली. पण मग तिने सांगितलं की गेल्या वर्षी गाजरहलव्याला तिने भाताच्या कुकरबरोबर आलेला कप वापरला होता. तो १८० मिलिलिटरचा असतो. ऑस्ट्रेलियातला कप २५० चा, आणि तिकडचा मोठा चमचासुद्धा २० मिलिलिटरचा, अमेरिकेतला १५ चा. अमेरिकेत सपाट कपाची शिस्त बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. पिठाला आणि साखरेला ती शिस्त पुरते. फळाच्या फोडींना पुरत नाही.

तिला एवढंच सांगितलं: कोरडी साखर कपाने घेतलीस तरी चालेल, रस कपाने घे, पण किस, फोडी आणि अख्खं फळ काट्यावरच ठेव.

आगळ गाळलं. लिटरभर आगळ १ किलो १६० ग्रॅम भरलं, मिठामुळे.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. वडाला जाऊन आल्यावर फोन बघितला तर भाचीचे चार फोटो. दुकानातल्या हिरव्या कैऱ्या, परातीतला किस, काट्यावरचे आकडे, बरणी. किस ९४० ग्रॅम, साखर १ किलो ४१० ग्रॅम. वेलची, चार लवंगा, केशर. पाक आटवून, बशीत थेंब टाकून बघितला, थेंब पळाला नाही. पाच दिवस झालेत, पाक किसाला धरून आहे, वर पाणी सुटलेलं नाही. "आजीसारखा रंग आलाय ना, मावशी?" असं तिने विचारलंय. आला आहे. तिला तसं लगेच लिहिलं.

दुपारी वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: आईची वाटी = १६० मिलिलिटर. साखर १३६ ग्रॅम, कच्चा कैरीचा किस ९२, वाफवलेला किस १३७, हापूसचा रस १७०, हापूसच्या फोडी ११०. पाणी भरून वाटी तोलली, दिनांक ३० एप्रिल २०२५.